यांगप्यॉंग काउंटी (दक्षिण कोरिया)

यांगप्यॉंग ही दक्षिण कोरियाच्या ग्यॉंगी प्रांतातली एक काउंटी, तिकडे काउंटीला 'गुन' म्हणतात. सोलच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर, मेट्रोच्याच लाइनवर, तासा-सव्वा तासात माणूस पोचतो. क्षेत्रफळ साधारण ८७८ चौ. किमी., म्हणजे अख्ख्या सोल शहरापेक्षा (६०५ चौ. किमी.) जवळजवळ दीडपट, आणि ग्यॉंगी प्रांतातल्या सगळ्या शहरं-काउंट्यांमध्ये सगळ्यात मोठं. लोकसंख्या मात्र सव्वा लाखाच्या आसपास. सोलमध्ये नव्वद लाखांच्या वर लोक दाटीवाटीने राहतात आणि शेजारी एवढी जागा मोकळी पडलीये, हे नकाशावर बघितलं की पहिल्यांदा विचित्रच वाटतं. डोंगर खूप आहेत हे एक कारण झालं, पण खरं कारण पाणी.

झालंय असं की हान नदीचे दोन मोठे फाटे, दक्षिणेकडून येणारी नामहान आणि उत्तरेकडून येणारी बुखान, यांगप्यॉंगच्या पश्चिम टोकाला यांगसू-री गावाजवळ एकत्र येतात आणि तिथून थोडं खाली गेलं की पाल्दांग धरण लागतं. हे धरण १९७० च्या दशकात बांधलं आणि सोल, इंचॉन आणि आजूबाजूच्या शहरांतले दोन-अडीच कोटी लोक याच जलाशयाचं पाणी पितात. म्हणजे यांगप्यॉंगमध्ये कुणी गटाराचं पाणी सोडलं तर ते थेट राजधानीच्या नळाकडे निघालं समजायचं. म्हणून १९७५ मध्ये जलाशयाभोवती पाणी संरक्षण क्षेत्र जाहीर झालं, मग राजधानी परिसराच्या नियोजनाचा कायदा आला त्यात सगळी काउंटी 'निसर्ग संवर्धन' पट्ट्यात गेली, १९९० मध्ये पाण्याच्या दर्जासाठी अजून वेगळे कडक नियम लागले आणि १९९९ च्या कायद्याने नदीकाठच्या पट्ट्यात नवीन हॉटेल, लॉज, कारखाना, गोठा असलं काही काढायचं म्हणजे जवळपास नाहीच. एकावर एक नियम चढत गेलेत, आणि एकाच जमिनीला दोन-तीन कायदे लागू आहेत अशी परिस्थिती.

याची भरपाई म्हणून खालच्या बाजूचे लोक पाण्याच्या बिलात वेगळा आकार भरतात, घनमीटरला १७० वॉन (कोरियन चलन), आणि त्या फंडातून वरच्या गावांना सांडपाणी प्रकल्प, स्थानिकांना मदत वगैरे मिळतं. पद्धत चांगली आहे यात वाद नाही, पण स्थानिकांची तक्रार जुनीच: पाणी तुम्ही पिणार आणि कारखाना आम्ही काढायचा नाही.

दोन नद्या मिळतात त्या जागेचं नाव दुमुलमोरी. पूर्वी इथे होड्यांचा धक्का होता, सोलला जाणारं लाकूड आणि माल इथे थांबायचा, धरण झालं आणि तो व्यवहार संपला. आता चारेकशे वर्षांचं जुनं मोठं झाड, पहाटेचं धुकं, फोटो काढणारी जोडपी आणि कमळाच्या पानांची पूड घातलेल्या हॉटडॉगसाठी लागलेली लाइन. शनिवार-रविवारी पार्किंग मिळणं मुश्किल. शेजारी सेमिवॉन नावाची कमळांची बाग आहे, उन्हाळ्यात भरते.

याच काठावर सेंद्रिय शेतीही जुनी आहे. रसायनं वापरून पिकवायची सोय नाही तर मग बिनरसायनाचंच पिकवू आणि त्याच नावाने विकू, असा हिशोब काउंटीनेही केला आणि तो बऱ्यापैकी जमला. गंमत म्हणजे २००९ नंतर सरकारच्या 'चार नद्या' प्रकल्पात (देशातल्या चार मोठ्या नद्या आणि त्यांचे काठ नव्याने बांधायचा कार्यक्रम) दुमुलमोरीच्या याच शेतकऱ्यांना सायकल ट्रॅक आणि पार्कसाठी उठवायला निघाले, त्यांनी तीनेक वर्षं जागा सोडली नाही, शेवटी २०१२ मध्ये तडजोड झाली.

आता कारभार. आपल्याकडच्या तालुक्याशी तुलना केली तर थोडं कळतं पण पूर्ण नाही, कारण काउंटीचा प्रमुख, 'गुनसू', थेट मतदानाने चार वर्षांसाठी निवडून येतो आणि लागोपाठ तीनच टर्म करू शकतो. सोबत निवडून आलेली छोटी काउंटी कौन्सिल. ही कौन्सिल १९९१ मध्ये परत सुरू झाली, गुनसूची निवडणूक १९९५ पासून, त्याआधी वरून नेमलेला अधिकारीच यायचा. काउंटीखाली एक 'उप' (म्हणजे गावठाण वाढून टाउन झालेलं) आणि अकरा 'म्यॉन'. यांगप्यॉंग-उप हे मुख्यालय, बाकी कांगसांग, कांगहा, यांगसो, ओकचॉन, सोजोंग, तानवॉल, चॉंगउन, यांगदोंग, जिप्यॉंग, योंगमुन आणि केगुन. यांचे प्रमुख निवडून येत नाहीत, ते सरकारी नोकरच. त्याखाली 'री', म्हणजे गाव. यातलं केगुन हे १९६३ पर्यंत शेजारच्या योजूचं होतं.

ग्यॉंगी प्रांतात एकूण ३१ शहरं-काउंट्या, त्यातल्या काउंट्या आता तीनच उरल्यात: यांगप्यॉंग, काप्यॉंग आणि योनचॉन. योजू २०१३ मध्ये शहर झालं. यांगप्यॉंगची लोकसंख्या योजूच्या तोडीची आहे तरी ती काउंटीच, कारण शहराचा दर्जा मिळायला साधारण ५०,००० वस्तीचा सलग शहरी भाग लागतो आणि इथली माणसं दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली. शिवाय शहर व्हायची सगळ्यांनाच घाई आहे असंही नाही, ग्रामीण भागातल्या मुलांना युनिव्हर्सिटी प्रवेशात वेगळा कोटा असतो तो कोण सोडेल!

आजची काउंटी १९०८ मध्ये यांगगुन आणि जिप्यॉंग ही दोन जुनी काउंटी जोडून झाली, पश्चिमेची नदीकाठची आणि पूर्वेची डोंगराळ. जिप्यॉंगचं नाव कोरियन युद्धात गाजलं. १३ ते १५ फेब्रुवारी १९५१ मध्ये अमेरिकेची २३ वी रेजिमेंट आणि फ्रेंच बटालियन इथे चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली, विमानातून रसद टाकत टाकत त्यांनी जागा टिकवली. फ्रेंचांचे कमांडर राल्फ मोंक्लार हे मुळात जनरल, पण बटालियनसोबत यायचं म्हणून त्यांनी स्वतःची रँक लेफ्टनंट कर्नलपर्यंत खाली आणली. त्यांचं ठाणं गावातल्या माक्गॉली (तांदळाची दारू) गाळायच्या कारखान्यात होतं, तो १९२५ चा कारखाना आजही तिथे आहे आणि जिप्यॉंग माक्गॉली देशभर विकली जाते. स्वातंत्र्य चळवळीतले नेते यो उन-ह्यॉंग (१८८६-१९४७) हेही यांगसोचेच.

भूगोलात सगळ्यात उंच योंगमुनसान, १,१५७ मीटर. पायथ्याच्या योंगमुनसा मंदिरात गिंको झाड आहे, वय हजार वर्षांच्या वर सांगतात, सिल्ला या जुन्या कोरियन राज्याच्या शेवटच्या राजपुत्राने लावलं अशी दंतकथा. पूर्वेला गांगवॉन प्रांत लागतो. हवामान टोकाचं: ५ जानेवारी १९८१ ला यांगप्यॉंगला उणे ३२.६ अंश नोंदले गेले, दक्षिण कोरियातला अधिकृत नीचांक तोच मानतात, आणि १ ऑगस्ट २०१८ ला त्याच यांगप्यॉंगमध्ये ४०.१. समुद्रापासून लांब आणि डोंगरांनी वेढलेलं, त्यामुळे थंडी साठते तशी गरमीही.

२००९ मध्ये मेट्रो योंगमुनपर्यंत आली, २०१७ मध्ये जिप्यॉंगपर्यंत गेली, पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनंगची हायस्पीड ट्रेनही यांगप्यॉंगला थांबते. रेल्वेचा जुना सिंगल ट्रॅक रिकामा झाला त्यावर, बोगदे-पुलांसकट, सायकल ट्रॅक केलाय आणि तो भारी आहे. रिटायर झालेले सोलवाले आणि चित्रकार मंडळी इकडे घरं बांधून राहायला लागली त्यामागे हीच रेल्वे. रस्त्याचं मात्र घोडं अडलं. सोल-यांगप्यॉंग एक्सप्रेसवेचं टोक आधी यांगसोला ठरलेलं ते बदलून कांगसांगकडे न्यायचं घाटत होतं, तिथे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या माहेरच्यांची जमीन निघाली, बोंबाबोंब झाली आणि जुलै २०२३ मध्ये मंत्र्यांनी सगळा प्रकल्पच रद्द करतो म्हणून जाहीर केलं. नियम, जमीन आणि सोलची जवळीक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की इथे काय होतं ते त्या प्रकरणात बघायला मिळतं.

बाजार दर पाच दिवसांनी भरतो. यांगप्यॉंगचा तारखेच्या शेवटी ३ किंवा ८ असलेल्या दिवशी, योंगमुनचा ५ आणि ० ला. खायचं तर यांगप्यॉंगचं हेजांगगुक, वजडी आणि साकळलेलं रक्त घातलेलं तिखट सूप, रात्रीची उतरवायला सकाळी पितात. ओकचॉनचे थंड नूडल्स उत्तरेकडून पळून आलेल्या लोकांनी सुरू केले.