१ जूनला जन्मलेला खान्देश

३१ मे हा खान्देशातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाल-श्रीफळाचा दिवस. एकाच कार्यालयातले तिघे-चौघे एकदम निवृत्त होतात, भाषणे आटोपती घ्यावी लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मंडळींच्या मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊ लागतात. नियमच तसा आहे. चतुर्थ श्रेणी सोडली तर राज्य शासनाचा कर्मचारी ज्या महिन्यात ५८ वर्षांचा होतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पण ज्याची जन्मतारीख १ असते त्याला आधीच्या महिन्याच्या अखेरीसच खुर्ची सोडावी लागते. १ जूनवाल्याचे वय ३१ मेच्या संध्याकाळी भरते.

इतकी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: तारीख मास्तरांनी लावली. पण मास्तरांवर ती वेळ का आली, हे पाहायला बरेच मागे जावे लागते.

खेड्यात जन्माचा दिवस लक्षात राहायचा, साल राहायचे नाही. पोरगा आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशीचा, पोरगी श्रावणातल्या कानबाईच्या रोटांची, कुणी पोळ्याच्या संध्याकाळचा, तर कुणी सारंगखेड्याची यात्रा उठली त्या आठवड्यातला. सण दरवर्षी येतो, त्यामुळे दिवस विसरण्याचा प्रश्नच नव्हता. साल मात्र एखाद्या मोठ्या घटनेला टांगलेले असे. १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ), डिसेंबर १९३६ मधली फैजपूरची काँग्रेस (खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन), १९४२ चा नंदुरबारचा गोळीबार, १९७२ चा दुष्काळ. ‘दुस्काय पडना व्हता तवयना शे’ (दुष्काळ पडला होता तेव्हाचा आहे) एवढे सांगितले की आईच्या दृष्टीने माहिती पूर्ण झाली. दुष्काळ दोन वर्षे लांबला असेल तर वयही दोन वर्षे इकडेतिकडे.

याच मुलखाशी नाव जोडलेल्या एका माणसाने नेमके उलटे करून ठेवले आहे. भास्कराचार्य खान्देशचे होते की नाही, यावर वाद आहे. त्यांनी सांगितलेले त्यांचे गाव, विज्जलविड, नेमके कुठले, हे ठरलेले नाही. पण त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटणला, आणि त्याचा शिलालेख तिथलाच आहे. भास्कराचार्यांनी स्वतःचे जन्मसाल श्लोकात गुंफले. ‘रसगुणपूर्णमही’, म्हणजे रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. आकडे उजवीकडून मांडले की १०३६. शके १०३६, इसवी सन १११४. पुढे ‘रसगुण’ वर्षांचा, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला, हेही सांगितले. साल पक्के, वय पक्के; पण ग्रहणांचे गणित मांडणाऱ्या या ज्योतिषाने त्या श्लोकात आपल्या जन्माचा दिवस काही सांगितला नाही.

दिवस आणि साल यांची फारकत बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत सगळ्यात ठळक दिसते. जळगावजवळच्या असोद्यात १८८० च्या नागपंचमीला त्यांचा जन्म झाला, असे सांगतात. आता इंग्रजी तारीख शोधायला जा. कुठे ११ ऑगस्ट मिळेल, कुठे २४ ऑगस्ट. चंद्राचे गणित करून पाहिले तर त्या वर्षी अमावास्या ६ ऑगस्टच्या आसपास होती, म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी ११ तारखेच्या सुमाराला येते. २४ ऑगस्ट वद्य पक्षात पडतो. त्या दिवशी आपल्याकडची नागपंचमी असू शकत नाही. माझे मत अर्थातच ११ च्या बाजूने. घरच्यांनी जपली ती तिथी, तारीख पुढच्यांनी बसवली, आणि बसवताना दोन झाल्या. त्यांच्या निधनाची तारीख मात्र एकच आहे: ३ डिसेंबर १९५१. तोवर कागदाचा जमाना आला होता.

तसा कागद आधीही होता. इंग्रजी अमलात गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली जायची, तिला आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, हा शब्द पुन्हा घरोघरी पोहोचला. तहसीलच्या दप्तरखान्यातली मोडी लिपीतली बुके बाहेर निघाली. मात्र ज्यांनी ती चाळली त्यांना एक अडचण ठाऊक आहे. जन्माची नोंद व्हायची तेव्हा बारसे झालेले नसायचे. त्यामुळे बापाचे नाव, जात, तारीख, आणि बाळाच्या जागी नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बापाला चार मुलगे असतील तर यातला मी कोणता, हे सिद्ध कसे करणार? (पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, तिनेही नाव कधी लिहिले नाही, पण तिच्याकडे दाखला कुणी मागत नाही.)

दुसरी अडचण बाळंतपणाची. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत. बाळ जन्मले आईच्या गावी, नोंद झाली तर तिथल्या बुकात. शाळेत घातले बापाच्या गावी. मास्तरांनी पडताळायचे म्हटले तरी चाळीस मैलांवरचे कोतवाल बुक कोण आणणार?

आणि मास्तरांना वेळ तरी कुठे होता. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. सक्तीच्या शिक्षणाचा विस्तार होत गेला तसे पट वाढवायचे काम शिक्षकाच्या गळ्यात पडले. सुटी संपता संपता मास्तर गल्लीगल्लीतून फिरायचे. ओट्यावर खेळणारे पोर पुढे ओढायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. बोटे कानाला पोहोचली की सहा पूर्ण. मग शाळेत येऊन जनरल रजिस्टर उघडायचे: अनुक्रमांक, नाव, आईबापाचे नाव, जात, जन्मस्थळ, आणि जन्मतारीख ‘अंकी’ व पुन्हा ‘अक्षरी’. आई म्हणते आखाजी; रजिस्टरला आखाजी चालत नाही. शाळा जूनमध्ये भरते, सहा वर्षे जूनमध्ये पूर्ण हवीत. वजाबाकी केली की १ जून आलीच. अक्षरीत ‘एक जून’ लिहायला सोपेही. मास्तरांना दोष देण्यात अर्थ नाही. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती, आणि तो भरला नसता तर पोर ढोरांमागेच राहिले असते.

गंमत पुढे झाली. उंच, चलाख पाच वर्षांचे पोर सहाचे म्हणून बसले, ते नोकरीत वर्षभर आधी म्हातारे ठरले. आठव्या वर्षी शाळेत आलेले सहाचे लिहिले गेले, त्याला दोन वर्षांचा जादा पगार. थोरला भाऊ धाकट्यानंतर निवृत्त झाल्याची उदाहरणे आमच्या भाऊबंदकीतच आहेत. एकाची खरी तारीख लिहिली आणि दुसऱ्याची १ जून, की सख्ख्या भावांत सहा महिन्यांचे अंतर! दुरुस्ती म्हणाल तर शाळा सुटल्यावर दाखल्यावरची तारीख हलवणे फार अवघड, आणि सरकारी नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला नाही तर दारच बंद.

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. २१ दिवसांत नोंद करा, असे त्याखालचे नियम सांगतात. तरी घरी बाळंतपणे होत राहिली तोवर १ जूनची पैदास थांबली नाही. ती आटली दवाखान्यातल्या बाळंतपणांनी. २०२३ च्या दुरुस्तीने उरलेसुरले संपवले: १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा एकच, जन्म प्रमाणपत्र. मास्तरांची वजाबाकी कायद्याने बंद झाली.

राहिली ती माणसे, ज्यांनी शाळेची पायरीच चढली नाही. त्यांची तारीख लावायला दुसरे मास्तर आले, तेही खान्देशातच. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पुढे गावोगाव नोंदणी झाली तेव्हा म्हातारी माणसे पुन्हा सालाशी अडखळली. अंदाजे वय सांगितले, की कुणाच्या कार्डावर नुसते साल छापून आले, कुणाच्या १ जानेवारी. शाळेत गेलेला भाऊ १ जूनचा, न गेलेली बहीण १ जानेवारीची.

या तारखेला आता पैशांची किंमत आहे. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. माझी एक मावशी शिरपूरकडची. गावातल्या तिच्या बरोबरीच्या दोघी फुकट प्रवास करतात, आणि तिच्या कार्डावर अजून पंचाहत्तरी भरलेली नाही. नोंदणीवेळी तिने वय कमी सांगितले की लिहिणाऱ्याने कमी ऐकले, यावर घरात दोन मते आहेत. कंडक्टरने कार्ड परत दिले की ती अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजते आणि शेजारणींना ऐकू जाईल असे म्हणते, ‘मी आजून तरनीच शे!’