होम्स काउंटी : धर्मसंलग्नता व चर्चचे सभासदत्व

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एक ग्रामीण काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग). मुख्य ठाणे मिलर्सबर्ग. लोकसंख्या ४४,२२३ (२०२०). रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे आमिश, म्हणजे साधी राहणी व प्रौढ बाप्तिस्मा (चर्चचे सभासद होण्याचा जलसंस्कार) मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे, आहेत. उरलेल्यांत मेनोनाइट (आमिशांशी जवळचे नाते असलेला ख्रिस्ती पंथ) आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांचे लोक मोठ्या संख्येने आढळतात. पहिले आमिश कुटुंब १८०९ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातून वॉलनट क्रीक परिसरात आले. शेजारच्या काउंट्यांत पसरलेली येथील वसाहत आज जगातल्या सर्वांत मोठ्या दोन आमिश वसाहतींपैकी एक आहे.

भारतीय वाचकाला जनगणनेतील धर्माचा रकाना परिचयाचा असतो. अमेरिकेच्या जनगणनेत तो नाही; १९७६ च्या कायद्यानुसार धर्माविषयी माहिती देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. १९०६ ते १९३६ या काळात सरकारच दर दहा वर्षांनी चर्चकडून आकडे गोळा करीत असे. आता हे काम धर्मसंस्थांच्या संख्याशास्त्रज्ञांची संघटना करते आणि काउंटीवार आकडे प्रसिद्ध करते. तिच्या गणनेत सभासद आणि अनुयायी असे दोन आकडे असतात. अनुयायांत सभासदांबरोबर त्यांची मुले व नियमित उपासनेला येणारेही धरतात. काउंटी-काउंटींची तुलना करताना अनुयायांचाच आकडा घ्यावा, कारण सभासद कोणाला म्हणायचे हे प्रत्येक पंथ आपापल्या परीने ठरवतो. कॅथलिकांत तान्ह्या बाळाचाही बाप्तिस्मा होतो, तर आमिशांत तो प्रौढपणी, बहुधा अठरा ते बावीस या वयात होतो. होम्समधील आमिश घरांत सहा-सात मुले असणे सामान्य असल्याने येथे सभासद आणि अनुयायी यांत मोठे अंतर पडते.

आमिशांच्या मंडळीला स्वतंत्र इमारत नसते. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते आणि एक रविवार आड एखाद्या सभासदाच्या घरी किंवा कोठारात उपासना भरते. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना आधी काही महिने १६३२ च्या डॉर्ड्रेख्ट विश्वासपत्राची, म्हणजे श्रद्धेची तत्त्वे सांगणाऱ्या जुन्या जाहीरनाम्याची, अठरा कलमे शिकवली जातात. बाप्तिस्म्यावेळी दिलेले वचन आयुष्यभराचे असते, आणि त्यातच ‘ऑर्डनुंग’ म्हणजे मंडळीची अलिखित नियमावली पाळण्याची जबाबदारी येते. पुरुष मंडळीने नेमल्यास धर्मसेवा करण्याचेही कबूल करतो. ही नेमणूक चिठ्ठीने होते : सभासदांनी सुचवलेल्या पुरुषांपुढे गीतपुस्तके ठेवतात, आणि ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल तो आजन्म विनावेतन सेवक होतो. शेती किंवा सुतारकाम करणाऱ्या माणसावर हे ओझे किती मोठे पडत असेल, हे सभासदत्वाचा विचार करताना विसरता येत नाही.

बाप्तिस्म्यापूर्वी घर सोडणाऱ्यावर बहिष्कार नसतो. वचन मोडणाऱ्यावर असतो. येथील फुटींचे एक महत्त्वाचे कारण हाच बहिष्कार होता. आमिश मंडळी सोडून मेनोनाइटांकडे गेलेल्या माणसावर तो कायम ठेवायचा की उठवायचा, या वादातून १९१३ ते १९१७ या काळात अतिशय कडक असा स्वार्ट्झेनट्रुबर गट वेगळा झाला. १९५० च्या दशकातील अँडी वीव्हर गटाच्या फुटीमागेही असाच प्रश्न होता. १९६० च्या दशकात न्यू ऑर्डर आमिश निघाले. त्यांचा भर बायबल-अभ्यासावर आणि तरुणांच्या शुद्ध आचरणावर होता. त्यामुळे ‘आमिश’ या एका आकड्याखाली एकमेकांशी प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ एकत्र भाकरी व द्राक्षरस घेण्याच्या विधीचा) संबंध न ठेवणाऱ्या मंडळ्याही एकत्र मोजल्या जातात, आणि ही या गणनेची खरी उणीव आहे.

एकंदरीत दहापैकी आठाहून अधिक आमिश मुले पुढे बाप्तिस्मा घेतात. गटागटांत मात्र बराच फरक दिसतो : कडक अँडी वीव्हर गटात जवळजवळ सगळी मुले टिकतात, न्यू ऑर्डरमध्ये हे प्रमाण बरेच कमी आहे. न्यू ऑर्डरचे तरुण बाहेर पडले तरी बहुधा दुसऱ्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीचे, पुष्कळदा मेनोनाइटांचे, सभासद होतात.