आजोबांच्या लढाईची नोंद हवी आहे? आधी त्यांचा आर्मी नंबर शोधा

‘आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते, तरी त्यांची माहिती मिळावी.’ असा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेला की उत्तर ठरलेलं: आर्मी नंबर कळवा. लोक चिडतात. पण एकट्या मराठा रेजिमेंटच्या यादीत जाधव, पवार किती असतील याचा विचार करा. नंबराशिवाय अर्ज करूच नका.

नंबर असतो डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्य सोडताना मिळालेल्या पुस्तिकेत, आणि नेमकं तेच कुणाकडे नसतं. मग मेडल बघा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्याच्या आकाराच्या मेडलांवर कधी मागे असते, कधी काहीच नसतं. एका घरात दर खंडेनवमीला आजोबांचं मेडल चिंच लावून लख्ख घासायचे. कडेवरचे शेवटचे दोन आकडे त्यातच गेले. कृपा करून घासू नका. भिंग घ्या आणि तिरपा उजेड पाडून वाचा.

मेडलही नसेल आणि आजीला दुसऱ्या महायुद्धातील सैनिकाची विधवा म्हणून मानधन मिळत असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची फाइल असायला हवी. नंबर तिथे सापडतो.

जवान युद्धात मरण पावला असेल तर काम सोपं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी ते ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरतात, त्यामुळे ‘ते तर ४६ साली दवाखान्यात वारले’ म्हणून शोध सोडू नका. नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहून पाहा. जिल्हा त्या वेळचा टाका: सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, आणि रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. कबर सापडली नाही म्हणून घाबरू नका. दहन झालेल्यांची नावं स्मारकावर असतात, इटलीत सांग्रो नदी आणि फोर्ली इथे तशी स्मारकं आहेत. परत आलेल्यांची नावं मात्र या संकेतस्थळावर नसतात.

अर्ज कुठे करायचा? मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलासाठी खडकी. मराठी माणूस म्हणजे मराठा रेजिमेंटच, असं धरून चालू नका. कितीतरी जण सर्व्हिस कोअरला, म्हणजे रसद-वाहतुकीच्या दलात होते.

साध्या पत्राला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार, आणि इथे बरेच अर्ज बाद होतात. सेना केंद्राची, म्हणून महाराष्ट्राच्या पोर्टलवर अर्ज चालत नाही. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प राज्याच्या कार्यालयात चालतं, इथे नाही. पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन भरा. उत्तराचे ३० दिवस अर्ज त्यांना पोचल्यापासून मोजा, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नाही.

‘व्यक्तिगत माहिती’ म्हणून नकार आला तर गप्प बसू नका. कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांपूर्वीच्या घटनेला तो अडसर लागू होत नाही. ८० वर्षांपूर्वीच्या लढाईला खासगी म्हणणं हा आळस आहे. नकार हातात पडल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा.

नात्याचा पुरावा मागितला तर आजोबांचा मृत्यू दाखला शोधत फिरू नका. तलाठ्याकडे वारसाची फेरफार नोंद असते; आजोबा, वडील, तुम्ही अशी साखळी त्यातून जुळते.

‘कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली’ हे उत्तर खरं असू शकतं. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. म्हणून अर्जात ‘सर्व्हिस रेकॉर्ड’ एवढंच न लिहिता ‘लाँग रोलमधील नोंदीची प्रत’ असं स्पष्ट मागा. लाँग रोल म्हणजे जवानांची नोंदवही, ती जपून ठेवतात.

त्या नोंदीत भरती, डिस्चार्ज, पलटण एवढंच मिळेल. लढाई कुठे झाली ते पलटणीच्या युद्ध-दैनंदिनीत असतं, आणि ती लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तिथे ‘मराठा’ सांगून भागत नाही, पलटण म्हणजे बटालियन कितवी ते लागतं. यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीचे, नामदेव जाधव पहिल्या. दोघांना इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण दोन्ही पलटणी वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये होत्या. तेव्हा लाँग रोल आला की आधी पलटणीचा आकडा बघा, मगच क्यूला लिहा.