सातबारा नसलेली खाडी : मुंबईलगतच्या आगरी-कोळी उपजीविकेची पार्श्वभूमी

मुंबई परिसरातील शेतकरी आणि मच्छीमार यांच्या शाश्वत विकासाच्या योजना आज दोन वेगळ्या खात्यांकडून येतात; परंतु ठाणे खाडीच्या पूर्वेकडील उरण-पनवेलच्या पट्ट्यात आणि पुढे पेण-अलिबागपर्यंत आगरी-कोळी गावांची उपजीविका अशी सरळ दोन भागांत वाटलेली नव्हती. पावसाळ्यात खारजमिनीत भात, उन्हाळ्यात मिठागर आणि जोडीला खाडीतले मासे, असे अनेक घरांचे वर्ष असे. या शेतीचा जीव होता खारबंदिस्तीत. भरतीचे पाणी अडवणारा मातीचा बांध आणि त्यात बसवलेली झडपेची उघाडी एवढीच ती यंत्रणा : भरतीच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडते. बांधाला खांड गेली, तर आत शिरलेले खारे पाणी पुढची पिकेही बुडवते.

खाडीचा आधार किती मोठा होता, हे अलिबागजवळच्या चरीच्या संपाने दाखवून दिले. गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, म्हणजे खोतांच्या, जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात कुळांनी जमिनी कसल्याच नाहीत. तेव्हा खाडीतले मासे-खेकडे आणि जंगलातला लाकूडफाटा यांवर कित्येक घरे तगली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तरी प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. या कायद्याने आणि १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याचे नाव कागदावर येण्याची वाट मोकळी झाली. खाडीला मात्र सातबारा नव्हता, आणि तो असावा असे तेव्हा कुणाला वाटण्याचे कारणही नव्हते.

ते कारण १९७० नंतर उभे राहिले. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी त्या वर्षी सिडको या शहर-विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांनी उभारलेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले ते या लढ्यामुळे. पण भूखंड मिळणार तो संपादित जमिनीच्या हिशेबाने. ज्याची कमाई मुख्यतः खाडीतून होती, त्याचे नुकसान या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, भराव वाढत गेला आणि खाडीत ये-जा करण्याच्या वाटा आक्रसल्या. अखेर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रकमेपेक्षाही, मालकीचा कागद नसताना पारंपरिक वापराचे मोल धरले गेले, हे या आदेशाचे खरे महत्त्व मानावे लागेल. वरळीत सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधून बोटी सुखरूप जाव्यात म्हणून कोळी बांधवांनी अंतर वाढवून मागितले आणि २०२२ च्या अखेरीस ते ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचे मान्य झाले. ही मागणीही त्याच जातीची.

शेतीच्या बाजूने गुंता आणखी वेगळा आहे. दुरुस्तीअभावी बांध फुटलेल्या खारजमिनीत भरतीबरोबर कांदळवन, म्हणजे खारफुटीचे रान, रुजते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनतोडीला मनाई केली, आणि जमीन खासगी असली तरी हे संरक्षण लागू होते. त्यामुळे सातबाऱ्यावर नाव असूनही शेतकऱ्याला तेथे भात लावता येत नाही. त्याच मुळांच्या आडोशाला कोळंबी आणि चिंबोऱ्या वाढतात, म्हणून शेजारच्या मच्छीमाराला मात्र ते रान हवे असते. बांधाची दुरुस्ती खारभूमी विभागाकडे, कांदळवन वन विभागाकडे आणि जाळे मत्स्यव्यवसाय विभागाकडे, अशी विभागणी असल्याने ज्या घरात शेतही आहे आणि होडीही, त्याने अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, याची तरतूद अद्याप कुठे दिसत नाही.