सातबाऱ्यावरचं नाव आणि खात्यातले दोन हजार

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या कुठल्याही सेतू केंद्रावर जा. एखादी बाई मशीनवर अंगठा ठेवते, उचलते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते. बोंडांनी बोटं ओरबाडलेली, रेषा झिजलेल्या. ‘अंगठा उठत नाही, मावशी,’ पोरगा सांगतो. आधारला मोबाईल जोडलेला नसला की बहुतेकदा अंगठ्यावरच भिस्त, आणि ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, झाल्याशिवाय केंद्राच्या पीएम किसान योजनेचा हप्ता पडत नाही.

विदर्भात सरकारी मदत थेट खात्यात येऊ लागली ती अलीकडे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची दखल घेत डिसेंबर २००५ मध्ये राज्याने १,०७५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी (अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा) ३,७५० कोटी दिले. त्यातला मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा. थकीत कर्जावरचं व्याज माफ झालं ते ७१२ कोटी. काहींच्या दारी अनुदानावर गाई बांधल्या गेल्या. उन्हाळ्यात पिण्याला पाणी नसलेल्या गावात त्या गाईला चारा कुठून आणायचा, हे आधी शेतकऱ्याला विचारायला हवं होतं.

केंद्राची २००८ ची कर्जमाफी सर्वांत जास्त सलली. पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकर. कोरडवाहू कापसाचे सात-आठ एकर असलेला माणूस कागदावर मोठा शेतकरी ठरला. बागायतीतल्या पाच एकरांशी त्याच्या उत्पन्नाची तुलनाच होत नाही, पण त्याला फक्त २५ टक्के किंवा वीस हजार, यांत जास्त असेल तेवढीच सूट, तीही उरलेली रक्कम आधी भरली तर. सावकाराचं कर्ज तर हिशेबातच नव्हतं. पुढे राज्याची २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत माफी आली. तेव्हा अट क्षेत्राऐवजी रकमेची होती.

पीएम किसान २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली: वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. आधी तिलाही २ हेक्टरची मर्यादा होती, ती त्याच वर्षी उठली. २०२३ पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान’ योजनेचे आणखी ६,००० त्यात मिळाले. देशभरचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळातून सोडला गेला, अठरावा ५ ऑक्टोबरला वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीहून.

क्षेत्राची अट गेली, पण सातबाऱ्यावरचं नाव हाच निकष राहिला. ठोक्याने, म्हणजे मालकाला ठरलेली रक्कम देऊन, शेत करणारा बियाणं आणतो, फवारणी करतो, नुकसानही सोसतो, हप्ता मालकाचा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये मिळाले, तेव्हा जमिनीच्या सामायिक खात्यात एका भावाची ना-हरकत अडली की सगळ्यांचे पैसे अडले.

सर्वांत जास्त अडते ती घरधनी गेलेली बाई. आत्महत्येनंतरची एक लाखाची मदत (३० हजार हातात, ७० हजार ठेवीत) मिळायची तर प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. आणि शेत सासऱ्याच्या नावावर असलं की नवऱ्यामागे ती राबली तरी शेतकरी ठरत नाही. आधी वारसनोंद, मग फेरफार, मग नवी नोंदणी. दीर सही करायला तयार नसतो. तोवर तिचं आधार, पासबुक आणि जुना सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवलेले असतात, आणि ती दुसऱ्याच्या शेतात वेचायला जाते.