घानाला पार्सल: पोस्ट बॉक्स वेगळा, डिजिटल ॲड्रेस वेगळा

ताई घानाच्या राजधानीत, अक्राला राहायला गेली तेव्हा तिने पत्ता म्हणून दोन ओळी पाठवल्या. एक 'पीओ बॉक्स'ने सुरू होणारी, दुसरी 'जीए' या अक्षरांनी. मला वाटलं, एकच पत्ता दोन तऱ्हांनी लिहिलाय. दिवाळीचा फराळ कुरिअरने पाठवताना मी पहिली ओळ तेवढी लिहिली. डबा अक्रात पोचला आणि पडून राहिला. ताईच्या हाती आला तेव्हा चकल्यांना खवट वास येत होता. आईने त्या पहाटे उठून तळल्या होत्या, म्हणून फार लागलं.

पोस्ट बॉक्स म्हणजे टपाल कार्यालयातला कुलूपबंद खण. घानात वर्षानुवर्षं पत्रं घरी येत नाहीत, या खणात येतात आणि माणसं जाऊन घेऊन येतात. बॉक्सच्या आकड्याआधीची अक्षरं फार महत्त्वाची, ती कुठलं पोस्ट ते सांगतात. 'एलजी' म्हणजे लेगोन, जिथे घाना विद्यापीठ आहे. 'सीटी' म्हणजे अक्रातला कँटोनमेंट्स भाग, 'केएस' म्हणजे कुमासी शहर. अक्षरं गाळली तर तोच क्रमांक दुसऱ्या पोस्टातल्या कुणाचाही असू शकतो. बॉक्स अनेकदा कंपनीच्या, शाळेच्या किंवा चर्चच्या नावावर असतो, तेव्हा आपल्या माणसाच्या नावाखाली 'मार्फत' म्हणून ते नाव हवंच. पार्सल खणात मावत नाही. त्यात चिठ्ठी येते, मग ओळखपत्र घेऊन पोस्टात जायचं, कस्टम्सची तपासणी आणि असेल तो आकार भरून सामान सोडवायचं.

डिजिटल ॲड्रेस ही नवी गोष्ट. घाना पोस्टने ऑक्टोबर 2017 मध्ये ती ॲपवर आणली. पूर्ण देशाचे 5 मीटर बाय 5 मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला स्वतःचा कोड दिला. समजा, जीए-123-4567. पहिलं अक्षर प्रांताचं (जी म्हणजे ग्रेटर अक्रा), दुसरं जिल्ह्याचं, पुढचे आकडे भागाचे आणि शेवटचे त्या चौकोनाचे.

आपण याला पिनकोड समजतो, तिथेच चुकतं. 411030 मध्ये सगळी सदाशिव पेठ येते. घानाच्या कोडमध्ये जेमतेम 270 चौरस फूट, म्हणजे एखादा बऱ्यापैकी हॉल. मोठ्या बंगल्याच्या फाटकाचा कोड एक आणि मागच्या खोलीचा दुसरा. म्हणून ताईला सांगितलं, फाटकापाशी उघड्यावर उभी राहून कोड काढ. घरात बसून काढला तर फोन कधीकधी शेजारच्या आवारातला चौकोन दाखवतो.

पण हा कोड फक्त जागा सांगतो. तिथे टपाल टाकणारा माणूस येईलच, असं त्यातून ठरत नाही. साधं टपाल पार्सल असेल तर बॉक्सची ओळ हवी. कुरिअरच्या माणसाला घर किंवा ऑफिस लागतं, खण त्याच्या कामाचा नाही. त्याला डिजिटल ॲड्रेस, रस्त्याचं नाव आणि खूण द्या: अमुक जंक्शन, तमुक पेट्रोल पंपासमोर. तिथली माणसंही एकमेकांना पत्ता असाच सांगतात. मी आता दोन्ही ओळी लिहिते, पाठवण्याच्या पद्धतीप्रमाणे जी लागेल ती वर.

ऑनलाइन फॉर्म पोस्टल कोडसाठी अडतो तेव्हा बरेच जण 00233 टाकतात. तो देशाचा फोन कोड आहे. फॉर्म पुढे सरकेल, पण त्याने घर सापडणार नाही.

आणि फोन नंबर. तिथला नंबर शून्याने सुरू होतो; +233 लावलं की ते शून्य काढायचं, पुढे 9 आकडे उरतात. शून्य तसंच ठेवलं तर फोन लागेलच असं नाही, आणि पार्सल आणणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी आला की आधी फोनच करतो. यंदा ताईला त्याचा फोन आला. ती खाली गेली आणि डबा घेऊन आली.