पॅलिएटिव्ह सेडेशन

मृत्यू काही तासांवर वा दिवसांवर आला असताना, दुसऱ्या कोणत्याही उपायाने न आवरणारा त्रास रुग्णाला जाणवू नये म्हणून औषधाने त्याची शुद्ध कमी करणे किंवा पूर्ण घालवणे. तीव्र भ्रमावस्था, धाप आणि वेदना ही त्याची नेहमीची कारणे. मुख्य औषध मिडाझोलॅम हे गुंगी आणणारे औषध. मॉर्फीन हे वेदनाशामक निव्वळ गुंगीसाठी वाढवणे गैर मानतात.

या उपचाराचे समर्थन बहुधा द्विपरिणाम तत्त्वावर केले जाते : हेतू त्रास शमवण्याचा असेल, तर आयुष्य घटण्याचा संभाव्य परिणाम, अपेक्षित असला तरी, क्षम्य ठरतो. या तत्त्वाचे मूळ ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात केलेल्या स्वसंरक्षणाच्या विवेचनात शोधतात. परंतु तेथे या तत्त्वाच्या आजच्या चार अटी (कृती मुळात गैर नसावी, हेतू चांगला असावा, वाईट परिणाम हे साधन नसावे, लाभ हानीच्या तोडीचा असावा) सापडत नाहीत. ती मांडणी उत्तरकालीन कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांची असून १९व्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघातील लेखक ग्यूरी यांच्याकडे ती स्थिरावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वैद्यकात तिला वजन आले ते पोप बारावे पायस यांच्या २४ फेब्रुवारी १९५७ च्या भाषणामुळे. अन्य मार्ग नसेल तर शुद्ध हरपली व आयुष्य थोडे घटले तरी वेदनाशमन करावे, असे त्यांनी भूलतज्ज्ञांना सांगितले. मात्र गंभीर कारणावाचून मरणाऱ्याची शुद्ध हिरावू नये, असेही बजावले.

आयुष्य खरोखर घटते काय? इटलीतील माल्तोनी व सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात गुंगी दिलेल्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १२ दिवस, तर इतरांचे ९ दिवस आढळले. असे अभ्यास निरीक्षणात्मक, म्हणजे कोणाला गुंगी द्यायची हे संशोधकांनी न ठरवता केलेले, असल्याने निष्कर्ष जपून घ्यावा लागतो. तरीही, योग्य मात्रेतील गुंगीने मृत्यू लवकर येतो या समजाला त्यातून आधार मिळत नाही. तसे असेल तर द्विपरिणामाचा वाद काहीसा गौण ठरतो आणि खरा पेच सलाइन व नळीवाटे अन्न थांबवण्याचा उरतो. युरोपीय पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातील त्रास शमवणारी शुश्रूषा) संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक चौकटीत हा निर्णय गुंगीपासून वेगळा धरला आहे. मृत्यू आठवड्यांवर असताना अखंड गाढ गुंगी देऊन पाणीही बंद केले, तर ती इच्छामरणापासून वेगळी कशी काढायची, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. नेदरलँड्समधील २००५ च्या मार्गदर्शिकेने म्हणूनच साधारण दोन आठवड्यांची मर्यादा घातली. तेथे एकूण मृत्यूंत अशा गुंगीत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २००५ मधील ८.२ टक्क्यांवरून २०१५ मध्ये १८.३ टक्के झाले. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने ठरावीक परिस्थितीत तिची मागणी करण्याचा हक्कच दिला. केवळ मानसिक वा अस्तित्वविषयक यातनांसाठी गुंगी द्यावी काय, यावर मतभेद आहेत.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च २०१८ चा निर्णय उपचार थांबवण्याविषयी व आगाऊ वैद्यकीय निर्देशांविषयी आहे. अंतकाळी नामस्मरण घडावे ही हिंदू श्रद्धा आणि जैन सल्लेखनेतील (अन्नत्यागाने मृत्यू स्वीकारण्याच्या व्रतातील) जागृतीचा आग्रह पाहता, गुंगी किती गाढ असावी हे रुग्णाला आधीच विचारणे येथे विशेष महत्त्वाचे. त्रास ‘न आवरणारा’ ठरवण्यापूर्वी मॉर्फीन उपलब्ध असावे लागते. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन त्याच्या परवान्यांची पद्धत सुटसुटीत झाली.